देवाले मधात आणू नका

महादूजींच्या विणकामाची स्तुती करायची एकच सुरक्षित रीत होती: गप्प बसायचं. "तुमच्या हाताला देवाची देणगी आहे" असं कुणी म्हणालं की संपलं. इतवारीतला एक कापडवाला तसं म्हणाला, तर त्याच्या गादीवर पसरलेलं लुगडं यांनी ओढून घेतलं, घडी न घालताच बगलेत मारलं आणि "देवाले काहून मधात आणता?" असं ओरडत सक्करदऱ्याला घरापर्यंत पायी आले. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

मी शेजारचा शाळामास्तर. एकदा माझ्याही तोंडून तो शब्द सुटला. त्यांनी मला मागाशेजारी बसवून फैलावर घेतलं.

"देणगी असती तं चिलीम ओढत बसलो असतो ना! बापाचा मार खाऊ खाऊ हात बसला, मास्तर. अन् काठ माहा नाही. हिचा आहे."

ही म्हणजे भागाबाई, त्यांची बायको. सुताच्या कांड्या भरायच्या, काठाचा तुटलेला बारीक तार शोधून सांधायचा, हे तिनं जन्मभर केलं. त्यापायी नजर गेली. आता ती मागावरचं कापड बोटांनी चाचपायची. "इथं ढिलं लागून राहिलं जी," असं ती म्हणाली की हा जमदग्नी मुकाट्यानं तेवढं विणकाम उकलायला बसे.

त्या वर्षी शहरात हातमागाचं प्रदर्शन भरलं. मीही त्यांच्यासोबत गेलो. उमरेडचे नावाजलेले विणकरही उतरले होते. महादूजींना पहिलं बक्षीस हवं होतं ते एवढ्यासाठीच, की चार लोकांत भागाबाईचं नाव पुकारलं जावं. बक्षीस मिळालं. पुकारा मात्र एकट्याचा झाला.

"दोघायचं नाव घ्या," महादूजी म्हणाले.

"विणकर एकच धरतात," संयोजक हसत म्हणाला. "घरच्या बायका मदत करतातच हो. कला तुमची. देवाची देणगी!"

त्या माणसाचं ते हसू आठवलं की आजही माझं पित्त खवळतं. महादूजींनी त्याला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. लुगडं उचललं, बक्षिसाला हात लावला नाही. बक्षीस दुसऱ्याला गेलं. वाटभर त्यांनी मला, टांगेवाल्याला आणि त्याच्या घोड्यालाही शिव्या घातल्या.

भागाबाई दारातच बसली होती. "काय झालं जी?"

"पह्यला नंबर आला वं." इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुह्यं नाव पह्यले घेतलं. मंग माहं."

"खरंच काय, मास्तर?"

महादूजी माझ्याकडे बघत होते. डोळे अजून लालच होते, पण हात जोडलेले होते.

"लोकं टाळ्या वाजवून राहिले होते, वहिनी," मी म्हणालो. "थांबतच नव्हते."

तिनं लुगडं मांडीवर ओढलं. काठावरून सावकाश बोटं फिरवली आणि कपाळाला लावली.

"देवानंच केलं जी."

मी दचकून महादूजींकडे पाहिलं.

"हो वं," महादूजी म्हणाले. "देवानंच."