लाल-हिरव्यातला सूक्ष्म फरक

"एवढ्याशा पोरीला रंग आणि आकार शिकवायला चार दिवस कशाला हवेत? दोन दिवसांत शिकवतो! उरलेल्या दोन दिवसांत कपाट करायला शिकवतो!"

हे वाक्य माझं. फोनवर, धाकट्या बहिणीला. आणि वर छाती फुगवून!

पण तुम्हीच सांगा, यात फुशारकी कसली? तीस वर्षं सुतारकाम करतोय मी. दारं, खिडक्या, टेबलं, फळ्या... माझ्या हातातून चौकोन असे निघतात जसे दुसऱ्यांच्या तोंडातून शब्द. बहिणीच्या मुलीची बालवाडी छपराच्या दुरुस्तीसाठी चार दिवस बंद होती. बहीण शिवणकामाचे वर्ग घेते, मेव्हणे पोस्टात. पोरीला ठेवायचं कुठे? मामाच्या कारखान्यात! कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि गुडघ्यापर्यंत भुसा.

पोरीला आम्ही सगळे भिंगरी म्हणतो. वय वर्षं चार. एका जागी बसली तर समजावं, ताप आलाय! पहिल्याच दिवशी तिने माझ्या हातातला गुण्या बघितला. काटकोन तपासायची पट्टी हो.

"मामा, हे काय?"

"याने कोपरा बरोबर आहे की नाही ते कळतं."

"मग गोलाचा कोपरा कसा बघतोस?"

"गोलाला कोपरा नसतो."

"मग गोलाला शिक्षा करायची तर उभं कुठे करतात?"

मी गुण्या खाली ठेवला. तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता.

मग मी जोमानं कामाला लागलो. उरलेल्या लाकडांचे चोवीस ठोकळे कापले, घासून गुळगुळीत केले. सहा त्रिकोण, सहा चौकोन, सहा गोल, सहा षटकोन. आता रंग! रंगाचं काम मी कधी करत नाही, त्याला आमचा पॉलिशवाला आहे. पण तो गावाला गेलेला. म्हटलं, त्यात काय एवढं? कोपऱ्यावरच्या दुकानातून चार छोटे डबे आणले. लाल, हिरवा, पिवळा, निळा. नावं फक्त झाकणांवर छापलेली, डबे सगळे सारखेच पांढरे.

चारही डबे उघडले आणि ब्रश शोधायला वळलो, तेवढ्यात मागून आरोळी.

"गोल, गोल, गोल, गोल! मामा, बघ, पॅटर्न!"

भिंगरीनं चारही झाकणं भुशात ओळीनं मांडली होती!

मी काही घाबरलो नाही. झाकणाला आतून रंग लागलेला असतोच. तो आणि डब्यातला रंग डोळ्यांनी जुळवला की झालं! पिवळं झाकण पिवळ्यावर, निळं निळ्यावर. लाल आणि हिरव्याला मात्र थोडा वेळ लागला. साहजिकच आहे. लाल-हिरव्यातला फरक किती सूक्ष्म असतो, तुम्हाला ठाऊकच आहे! उजेडात धरून, डोळे बारीक करून, दोन्ही झाकणं मी अगदी काळजीपूर्वक बसवली.

मग त्रिकोण लाल केले, चौकोन हिरवे, गोल पिवळे, षटकोन निळे.

आणि काय सांगू तुम्हाला, पोरगी हुशार! दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग पाठ! त्रिकोण, चौकोन, त्रिकोण, चौकोन अशी लांबलचक ओळ लावून म्हणायची, "लाल, हिरवा, लाल, हिरवा, आता सांग मामा, पुढे काय?" मला विचारायची! माझ्या चौकड्यांच्या सदऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "चौकोन, चौकोन, डाग, चौकोन." तिसऱ्या दिवशी तर ठोकळ्यांची गरजच उरली नाही. कारखान्यातली प्रत्येक वस्तू उचलून रंग सांगायला लागली.

"मामा, तुझी पेन्सिल हिरवी!"

"शाबास!"

"दाराबाहेरचं झाड लाल!"

"वा!"

आता झाडाकडे मी काही वळून पाहिलं नाही. लाल फुलं आली असतील, आपल्याला काय! मी खिळा ठोकत होतो.

पाचव्या दिवशी बालवाडी उघडली. मेव्हणे भिंगरीला स्कूटरवर पुढे उभी करून निघाले. चौकात सिग्नल लागला. मेव्हण्यांना सवय आहे, स्कूटर थांबली की चष्मा काढायचा आणि रुमालानं पुसायचा. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःची स्कूटरही दिसत नाही!

"बाबा, हिरवा आहे! चला!" भिंगरी ओरडली.

मेव्हण्यांनी चष्मा चढवता चढवता स्कूटर सोडली. तीही थेट चौकाच्या मधोमध! डावीकडून बस, उजवीकडून टेम्पो, समोरून वाहतूक पोलिसाची शिट्टी. बसवाल्यानं असा ब्रेक मारला की आतले सगळे प्रवासी एकमेकांच्या ओळखीचे झाले!

"दिवा दिसला नाही का हो?" पोलीस कडाडला.

"मुलगी म्हणाली हिरवा आहे..."

"स्कूटर कोण चालवतंय? तुम्ही की ती?"

त्यावर भिंगरीनं पोलिसाला गोड आवाजात समजावलं, "काका, तुमची शिट्टी चुकली. हिरवाच होता. तो बघा, आत्ता लाल झाला. आता थांबायचं!"

पोलिसानं वर पाहिलं. लख्ख हिरवा दिवा! त्यानं मेव्हण्यांकडे पाहिलं, मग भिंगरीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एकदा पोरीचे डोळे दाखवून घ्या."

मेव्हण्यांना वाटलं, पोरीनं खोडी काढली. त्यांनी तिला रागावून बालवाडीत सोडलं. पण दुपारी बाईंची चिठ्ठी आली. बाईंनी मुलांना पान रंगवायला दिलं होतं. "पान हिरवं करा," म्हणाल्या. तर भिंगरी उभी राहिली! "बाई, पान हिरवं नसतं, लाल असतं. माझा मामा सुतार आहे. त्याला सगळं येतं." नुसतं म्हणून थांबली नाही. तिनं बाकावर चढून शेजारच्या मुलांना तपासून दिलं. सुट्टी होईपर्यंत निम्मा वर्ग तिच्या बाजूनं! नऊ मुलांनी लालभडक पानं रंगवून "हिरवं, हिरवं" म्हणत घरी नेली. तिघांच्या आया दाराशी येऊन बाईंना विचारत होत्या, "आमच्या पोराला तुम्ही शिकवलंत तरी काय?"

संध्याकाळी बहिणीचा फोन. आवाज रडवेला.

"दादा, भिंगरीला रंग दिसत नाहीत रे! घरातलं सगळं विचारून पाहिलं. लाल-हिरवं एकही बरोबर येत नाही!"

चार दिवस माझ्यासमोर एकही चूक न करणारी पोर! ठोकळ्यांची पिशवी उचलली आणि तडक त्यांच्या घरी गेलो. भिंगरीला मांडीवर घेतलं, ठोकळे समोर ओतले.

"हिरवा दाखव बाळा."

तिनं चौकोन उचलला.

"बरोबर! आता लाल?"

तिनं त्रिकोण उचलला.

"एकदम बरोबर! बघा! काय चुकलंय पोरीचं?"

मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं. मेव्हण्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला होता. बहिणीनं तर पदर डोळ्यांना लावला.

"किती मायाळू आहेस रे दादा," ती हुंदका देत म्हणाली. "पोरीला वाईट वाटू नये म्हणून चुकीचंसुद्धा बरोबर म्हणतोस!"

मला वाटलं, काळजीनं बिचारीचं डोकं फिरलंय. मेव्हण्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मीही त्यांच्या पाठीवर ठेवला. भिंगरी मात्र आळीपाळीनं आमच्या तिघांची तोंडं बघत होती आणि विचारत होती, "रडताना तोंडाचा आकार कुठला होतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. भिंगरीनं अट घातली होती, मामा हवाच.

डॉक्टरीणबाईंनी एक जाड पुस्तक काढलं. प्रत्येक पानावर मोठं वर्तुळ आणि त्यात शेकडो रंगीत ठिपके. जणू पानाला गोवर आलाय!

"यात काही दिसतंय का गं?"

"त्रिकोण!" भिंगरी क्षणात म्हणाली.

पान उलटलं. "चौकोन!" पान उलटलं. "गोल!" पान उलटलं. "वाकडा रस्ता! इथून सुरू होतो, तिथे संपतो!" तिनं तो बोटानं काढूनही दाखवला.

मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होतो. त्रिकोण? कुठला त्रिकोण? नुसते ठिपके! पोरगी सरळ सरळ थापा मारत होती, आणि तेही डॉक्टरांपुढे! मी तिच्या कानाशी लागलो.

"बाळा, दिसत नसेल तर नाही म्हण. मामा रागावणार नाही."

डॉक्टरीणबाईंचा हात पानावरच थांबला.

"मामा," त्या माझ्याकडे निरखून पाहत म्हणाल्या, "तुम्हाला यात काय दिसतंय?"

"ठिपके."

"आणखी?"

"आणखी ठिपके."

त्यांनी पान उलटलं. "इथे?"

"इथे... इथे जरा जास्त ठिपके."

बहिणीचा पदर डोळ्यांवरून हळूहळू खाली आला.

"हिला रंग कुणी शिकवले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिघांनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. भिंगरीनं दोन बोटं केली.

मग माझी उलटतपासणी सुरू झाली. तुमचे कपडे कोण निवडतं? बायको. बाजारातून पिकलेले टोमॅटो कोण आणतं? बायको. कारखान्यातलं रंगकाम? पॉलिशवाला.

"मग तुम्ही काय बघता?"

"मी... आकार बघतो."

निकाल असा लागला: भिंगरीचे डोळे आरशासारखे स्वच्छ. मामा मात्र जन्मापासून रंगांध! मला लाल आणि हिरवा जवळजवळ एकसारखेच दिसतात, आणि बावन्न वर्षं मी समजून चाललोय की ते सगळ्यांनाच तसे दिसतात! लाल आणि हिरव्या डब्यांची झाकणं मी नेमकी अदलाबदल करून बसवली होती.

"म्हणजे," मी चाचरत विचारलं, "लाल आणि हिरव्यातला फरक सूक्ष्म नसतो?"

"दादा," बहीण म्हणाली, "तो दिवस-रात्रीइतका असतो!" आणि जी हसत सुटली, ती डॉक्टरीणबाईंनी पाणी दिलं तेव्हा थांबली.

आता निस्तरायचं कुणी? ज्यानं केलं त्यानं! सोमवारी मी बालवाडीत गेलो. बाईंनी मला बसायला मुलांचीच खुर्ची दिली. गुडघे कानाला लागले. समोर वीस मुलं. भिंगरी माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनंच भाषण केलं.

"माझ्या मामाला लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. म्हणून नावांची अदलाबदल झाली. आता आपण ती परत बदलायची. मामाला हसायचं नाही."

कुणी हसलं नाही हो! उलट वीसच्या वीस हात वर गेले.

"मामा, तुला टोमॅटो कसा दिसतो?"

"गोल."

"आणि कलिंगड?"

"मोठं गोल."

"आतून कापल्यावर?"

"अर्धं गोल."

"आणि तुला माहीत नव्हतं, तेव्हा तुला कसं दिसायचं?"

"आत्ता दिसतंय तसंच."

"मग तुला कसं कळलं, की तुला कळत नाही?"

हा शेवटचा प्रश्न विचारणारा मुलगा पाच वर्षांचाही नसेल. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. खरंच सांगतो, तेव्हापासून मी त्यावर विचार करतोय. मुलांनी तोवर एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, मग डोळे मिचकावून मामासारखं दिसतंय का ते पाहायला सुरुवात केली होती. भिंगरीनं मला दारापर्यंत सोडलं आणि फाटकाजवळची एकेक वस्तू दाखवून रंग सांगितले. मीही पाठ केले. फाटक हिरवं, बादली लाल, बाईंची सायकल हिरवी. पुढच्या वेळी फाटकाला नवा रंग दिला तर माझं अवघड आहे.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ग्रंथालयात काम करते, त्यामुळे शांतपणे ऐकायची सवय आहे. पण आज ऐकता ऐकता तिनं हातातलं पुस्तक मिटलं.

"अहो, आपण पहिल्यांदा भेटलो, तेव्हा माझ्या हातात लालभडक छत्री होती. आठवतंय?"

"छत्री आठवते. आठ काड्यांची होती."

"तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणाला होतात, 'ही शेवाळी छत्री तुम्हाला फार शोभते.' मला वाटलं, काय विनोदी माणूस आहे हा! तेव्हाच ठरवलं, लग्न करीन तर याच्याशी."

मी खूश झालो. अठ्ठावीस वर्षांनी कळत होतं, तिनं मला का निवडलं!

"मग?"

"मग काय," तिनं पुस्तक पुन्हा उघडलं, "तेव्हापासून दुसऱ्या विनोदाची वाट बघतेय!"