एकवीस वेळा नाही

आमच्या घरच्या माणसाला काहीही विचारा, उत्तर एकच. "हं." पंखा दुरुस्तीला कोण येणार? हं. तुमच्या बहिणीला काय कळवू? हं. एकेचाळीस वर्षं मी या एका अक्षरावर संसार ओढला. आणि हाच माणूस निवृत्त झाल्यावर लॅपटॉपपुढे बसून त्याच्या शेकडो प्रश्नांना, न कंटाळता, चष्मा पुसून पुसून उत्तरं देतो. मला जळफळाट होणार नाही तर काय होईल?

झालं असं की गल्लीतल्या वाचनालयाला एका कचेरीनं सहा जुने लॅपटॉप देऊन टाकले. सहाही एकाच बनावटीचे आणि सहाही सारखेच मठ्ठ. चालू करून माणूस अंघोळ उरकून येईल, तरी यांचं गोल गोल फिरणं चालूच. ग्रंथपालबाई म्हणाल्या, रविवारी नीट चालले तर ठेवू, नाही तर सोमवारी भंगारवाला. ह्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, "मी करतो."

"काय करणार?" मी विचारलं. या विषयावर मात्र हं नाही. तासभर बोलले.

"यंत्र चालू झालं की आधी त्याचं कर्नेल जागं होतं. पडदा, आवाज, बटणं, सगळ्यांना तेच कामाला लावतं."

"म्हणजे घरात मी."

"तसंच समज. तयार मिळतं त्यात जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची सोय भरलेली असते, म्हणून ते जड. पण लिहिणाऱ्यांनी ते मोकळं ठेवलंय, कुणीही उघडावं, बदलावं. मी या सहांच्या मापाचं बेतून घेतो."

बेतणं मला कळतं. चौथीपर्यंतच शिकले, पण फाटक्या चादरीतून उशांचे दोन अभ्रे काढते आणि वर फडकंही उरवते.

"तो एकेक विचारत जातो, हे ठेवू का? वाय दाबलं की हो, एन दाबलं की नाही."

"आणि तुम्ही काय दाबता?"

"दहातल्या नऊंना नाही."

शनिवारी दुपारी खालून हाक आली म्हणून हे जिना उतरले. जाताना म्हणाले, "हात लावू नकोस." पडद्यावर प्रश्न तसाच उभा, शेजारी एक रेघ लुकलुकतेय. दारात पाहुणा उभा ठेवून घरच्यांनी निघून जावं, तसं ते दिसत होतं. मला बघवेना. दहातल्या नऊंना नाही, हे तर ह्यांनीच सांगितलेलं. मी एन दाबलं. दुसरा प्रश्न आला. मी एन दाबलं. नको म्हणण्यात माझा हात धरणारं आमच्या नात्यागोत्यात कुणी नाही. मोजून एकवीस वेळा दाबलं आणि प्रश्नच संपले.

हे वर आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, संपवलंच होतं की मी." मी भाजी निवडायला घेतली. मग यंत्र तीन तास घुमत राहिलं आणि नवं कर्नेल तयार झालं.

रविवारी सगळे वाचनालयात जमले. मी पुढच्या खुर्चीत. ह्यांनी कर्नेल पहिल्या लॅपटॉपमध्ये घातलं, चालू केलं, आणि मी पदर सावरेपर्यंत पडदा उजळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या शिंपीणबाईंना हळूच म्हटलं, "घरात काटकसर असली की असं होतं."

"आता नाव टाका, काका," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

ह्यांनी बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. मग सगळीच. आत कुणी नसलेल्या घराचं दार ठोठावावं तसा आवाज. शिंपीणबाई म्हणाल्या, "जरा जोरानं दाबून बघा." ग्रंथपालबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "राहू द्या काका. वयाच्या मानानं पुष्कळ केलंत."

घरी आल्यावर हे खुर्चीत बसले ते बसलेच.

"बटणांना मीच नाही म्हणालो असणार," हे म्हणाले. "आणि मला आठवतसुद्धा नाही. परवा नळ उघडा राहिला. त्याआधी किल्ली. दादाचं असंच सुरू झालं होतं."

ह्यांचे दादा शेवटी आरशातल्या स्वतःलाही ओळखत नव्हते. मी स्वयंपाकघरात गेले. तीच फळी तीनदा पुसली. दुसऱ्याची चूक मी भिंतीपलीकडून ओळखते, पण स्वतःची बोलायची मला सवयच नाही. कधी कुणी बोलायला लावलंही नाही. बाहेर चष्म्याची डबी बंद झाल्याचा आवाज आला. हे आपला लॅपटॉप पिशवीत भरत होते.

"तो काढा बाहेर," मी म्हटलं. "एन मी दाबलं. तुम्ही खाली गेला होता तेव्हा. एकवीस वेळा."

हे बघतच राहिले. "एकवीस?"

"मोजलंय मी."

"आणि बटणं?"

"ती बटणं होती हे मला काय ठाऊक? इंग्रजीत विचारत होता मेला."

ह्यांनी हळूच डबी उघडली आणि चष्मा काढून डोळ्यांना लावला. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. ते मला मुळीच आवडलं नाही.

"हसू नका," मी म्हटलं. "डोकं तुमचं शाबूत आहे, हे मी आज सांगते, पुन्हा सांगणार नाही. उद्या भंगारवाला यायच्या आत सहाही चालू झाले पाहिजेत. आणि वाचनालयात कुणी विचारलं, तर चूक तुमचीच होती."