यूहा आणि आईची खुर्ची

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कुणी गाडी वाकडी लावली, की बाकीचे लोक हॉर्न वाजवत बसायचे. आमचा शेजारी यूहा मात्र खाली उतरायचा, गाडीची मागची बाजू दोन्ही हातांनी धरायचा आणि उचलून सरळ ठेवायचा. माझी गाडी त्याने अशीच सरळ केली, तेव्हा मी ओशाळून सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "इट इज लाइट."

हे त्याचं लाडकं वाक्य. आमचा फ्रिज लाइट, पिठाची गोणी लाइट, माझी बायको मेधा हिने दिलेल्या डबाभर पोळ्यासुद्धा लाइट! एरवी तो बोलायचाच नाही. बेल वाजवली, तर दार उघडून एवढंच विचारायचा, "व्हॉट टु लिफ्ट?" खरं सांगायचं तर आम्हीही दुसऱ्या कशासाठी कधी बेल वाजवली नव्हती.

यूहा फिनलंडचा. तिकडे पॉवरलिफ्टिंगची पदकं मिळवलेला, नंतर ट्रक ओढणं, दगडी गोळे उचलणं अशा स्पर्धांतून टीव्हीवर गाजलेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुबईत एका मॉलबाहेर खेळ करायला आला. ट्रक ओढताना भर गर्दीत त्याच्या दंडाचा स्नायू फाटला. ज्यांनी आणलं होतं, ते दुसऱ्या दिवशी फोन उचलेनात. घरी परत जायचं, तर लोक विचारणार. मग इथल्याच देरा भागातल्या एका हॉटेलच्या जिममध्ये नोकरी धरून तो इथेच राहिला.

"घरी कोण कोण असतं?" मी एकदा विचारलं.

"नोबडी. मदर वॉज."

त्यानंतर खूप वेळाने, इंग्रजी शब्द एकेक शोधत, तो म्हणाला, की आई स्पर्धेला यायची, पण बघायची नाही. त्याचा नंबर आला, की बाहेर बर्फात जाऊन उभी राहायची. आत टाळ्या पडल्या, की बाहेरच्या बाहेर बस पकडून घरी.

त्या हिवाळ्यात माझी आई पुण्याहून व्हिजिटवर आली आणि नेमकी लिफ्ट बंद. आमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे संपलेले. यूहाने प्लास्टिकची खुर्ची आणली, आईला तीत बसवलं आणि खुर्चीसकट उचललं.

"अरे, पाडशील मला, मेल्या!"

"नो, मामा. लाइट."

आई वर पोचली ती खुशीतच. "साठ वर्षांत मला हलकी म्हणणारा हा पहिलाच!"

मग रोज संध्याकाळी सहाला तो यायचा. आईला खाली बाकावर नेऊन बसवायचा, तासाभराने वर आणायचा. ती मराठीत पुण्यातली भांडणं सांगायची, तो गंभीरपणे मान हलवायचा.

आठवड्याने लिफ्ट दुरुस्त झाली. संध्याकाळी बघतो, तर आई पुन्हा खुर्चीत!

"आई, लिफ्ट चालू झालीय."

"मला नाही बाई त्या पेटीत जायचं. जीव घाबरतो."

पुण्यात ती रोज लिफ्टने सहाव्या मजल्यावर जाते. यूहा तिला सोडून गेल्यावर मी वैतागलो. "त्याचा दंड फाटलेला आहे, आई. खलास होईल हात!"

"मी विचारलंय त्याला."

"कुठल्या भाषेत?"

"विचारलंय म्हटलं ना." ती गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग हळूच म्हणाली, "वर आल्यावर तो माझ्याकडे बघत उभा राहतो. पाहिलंयस कधी? मी शाब्बास म्हणेपर्यंत हलत नाही तो."

मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दाराआडून पाहिलं. खुर्ची टेकवून तो धापा टाकत उभा होता. आईने हात उंच केला, तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि तिने त्याच्या घामेजल्या टकलावरून हात फिरवला. "शाब्बास रे बाळा." त्याने डोळे मिटून घेतले. मी आत निघून आलो.

आईचा व्हिसा संपला. एअरपोर्टवर यूहानेच तिच्या बॅगा उतरवल्या.

त्याच संध्याकाळी सहाला बेल वाजली. दारात यूहा.

"यूहा, आई गेली रे. तूच तर आला होतास सोडायला."

"येस. आय नो."

तो तसाच उभा राहिला. आतून मेधाने हाक मारली, "त्याला आत तरी ये म्हण! मी चहा टाकतेय."

त्याने बूट काढून कडेला लावले, आत येऊन सोफ्याच्या टोकाला बसला आणि चहा होईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वयंपाकघरातले आवाज ऐकत राहिला.