सुईणबाईंचा पळवलेला चेहरा

"माझ्यासारखी नजर शतकातून एकदाच जन्माला येते," असं भिंगवाले स्वतःविषयी सांगत. सांगताना ते बहुधा कपाळावरचा चष्मा टेबलाखाली शोधत असत. नोकरी संपली की माणसं कुंड्यांत रोपं लावतात. यांनी भिंग घेतलं आणि गावातल्या चोरांनी धसका घेतला, असं त्यांचं मत. बायकोचं मत कुणी विचारलं नव्हतं. ती डबा, पिशवी आणि भिंग सांभाळत मागून चालायची.

त्या दिवशी शेजारच्या मावशी रडवेल्या होऊन आल्या. त्यांची आई गावची पहिली शिकलेली सुईण. निम्मं गाव तिच्या हातांवर जन्मलं. घरातला तिचा एकुलता एक फोटो पुरात गेला. गावचं साप्ताहिक मात्र वर्धापनदिनाला दरवर्षी तिचा फोटो छापायचं. जुने अंक कचेरीखेरीज कुणी ठेवले नव्हते, आणि कचेरीतल्या फाइलींत आईच्या जागी चौकोनी भोकं!

"एकदा तिचं तोंड बघायचंय हो," मावशी म्हणाल्या. "हल्ली डोळे मिटले तरी नीट दिसत नाही."

तिघं कचेरीत गेली. संपादकांनी तोंड उघडलं.

"विचारल्याशिवाय बोलायचं नाही!" भिंगवाले गरजले आणि भोकातून पलीकडे बघू लागले. "सफाईदार कात्री. डावखुरा हात. कारण, प्रेमभंग!"

"सुईणीपायी?" बायको म्हणाली.

"मग सूड. आपल्याला जन्माला घातल्याचा सूड!"

"म्हणजे अख्ख्या गावावर संशय घ्यायचा?"

"घेतलाय. तुझ्यासकट."

मग वारसाहक्काचा कट निघाला. तोही फसल्यावर चौकोनी कुरतडणारे उंदीर निघाले. शेवटी गेल्या वर्षीची फाइल उघडली. तिच्यात भोक नव्हतं. एक काळा डाग होता.

"गुन्हेगाराचा अंगठा!"

"अहो, तो सुईणबाईंचा फोटो आहे," संपादक न राहवून म्हणाले.

बायकोने डाग निरखला. "इतका काळा कसा हो?"

"आदल्या वर्षीच्या अंकातून कापतो, खळीने नव्या पानावर चिकटवतो, छापतो. पुढच्या वर्षी त्यातून कापतो. आमची जुनी पद्धत आहे."

नकलेची नक्कल होता होता बाईंचं आधी नाक गेलं, मग डोळे गेले, आणि गावाचा अभिमान तेवढा दरवर्षी ठळक होत गेला.

"आधी का नाही सांगितलंत?" भिंगवाले.

"विचारलंत कुठे?"

"आणि ती चिकटवलेली पानं?" बायकोने विचारलं.

"टाकवत नाहीत. जाड कागद असतो. त्या फडताळात अंथरतो, कपांखाली."

बायकोने कप खाली काढले आणि एकेक पान सोलायला सुरुवात केली. प्रत्येक पानावर डाग थोडा उजळत गेला. आधी कपाळ आलं, मग नाक. सगळ्यात खालच्या पानावर सुईणबाई स्वच्छ बसल्या होत्या, भोवती कपाची गोल खूण घेऊन.

मावशींनी पदराने कागद पुसला. "हीच. आठ्या बघा! मला घरी यायला उशीर झाला की अशीच बघायची." मग अगदी हळू म्हणाल्या, "आले गं, आई."

"मी म्हणतच होतो, धागेदोरे चहाकडे जातात," भिंगवाल्यांनी जाहीर केलं.

संपादक खुशीत टेबलाकडे वळले. "वा! मग यंदा हाच छापू. कात्री कुठंय? आत्ता इथे होती."

भिंगवाल्यांनी ताडकन भिंग काढलं. "कुणी जागचं हलायचं नाही!"

बायकोने पिशवी घट्ट धरली आणि मावशींना म्हणाली, "चला, आपण निघू. यांना वेळ लागेल."