टिकाऊ साक्षीदार

पारावर चार माणसांदेखत पुंजारामने सर्जेरावला सरळ विचारले, "सर्जेराव, तू माझ्यामागं जगशील का?"

तंबाखू मळणारा सर्जेरावचा अंगठा थांबला. दोघे एकाच वर्षी शाळेत गेले होते आणि एकाच वर्षी शाळेतून पळाले होते. "का रं, माझी तिरडी दिसून राह्यली का तुला?" एवढे बोलून तो उठला आणि मळलेली तंबाखू पुंजारामपुढे न करताच घरी गेला. असे त्या पारावर आजवर घडले नव्हते.

पुंजारामच्या मनात वाईट काही नव्हते. बदनापूर स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून राबून तो निवृत्त झाला होता. मूलबाळ नव्हते. बायको सोनूबाई जाऊन तीन वर्षे झाली होती. घराला लागून त्याची मोकळी जागा होती, तिथे गावच्या तरुण मंडळाची पोरे कबड्डी खेळत. सोनूबाई संध्याकाळी दारात घागर भरून ठेवायची आणि शिव्या देत देत सगळ्यांना पाणी पाजायची. आता जालन्याच्या पुतण्याचा, धर्मराजचा, त्या जागेवर लाकडाची वखार टाकायचा विचार होता. मागच्या दिवाळीला तो काकूच्या आठवणीने डोळे पुसत आला आणि जाताना पावलांनी जागा मोजून गेला. ते पाहून पुंजारामने ठरवले, की मृत्युपत्र करायचे. जागा मंडळाला द्यायची आणि मैदानाला सोनूबाईचे नाव लावायचे.

जालन्यातल्या मस्तगडच्या वकिलांनी कागद करायचे कबूल केले, पण दोन गोष्टी बजावल्या. साक्षीदार मंडळातला नको, नाहीतर पुतण्या कोर्टात त्यावरच बोट ठेवील. आणि साक्षीदार असा हवा, की जो पुंजारामच्या माघारी कोर्टात धडधाकट उभा राहील.

अडचण अशी, की गावातला प्रत्येक तरुण मंडळात होता. जे मंडळात नव्हते, ते पुंजारामच्याच वयाचे होते. तरीही त्याने प्रामाणिकपणे एकेकाला विचारून पाहिले. भिवा म्हणाला, तुझ्या तेराव्याला मी दोन लाडू जास्त खाईन. पण हे सांगता सांगता त्याला असा खोकला लागला, की पुंजारामने त्याला मनातल्या मनात बाद केले. शेजारच्या दुर्गाबाई म्हणाल्या, "जगंन की बराबर. पण कोर्टाची पायरी चढनार न्हाई." चार दिवसांत गावातली सगळी म्हातारी माणसे पुंजारामशी बोलायची बंद झाली.

तोड काढली मंडळाचा चिटणीस संपत याने. तो म्हणाला, "काका, मी आन् वसंता मंडळ सोडतो. मंग तर झालं?"

मंडळ सरकारदरबारी नोंदवलेले होते, पण गावाच्या लेखी सभासद व्हायची रीत वेगळी होती. मारुतीपुढे नारळ फोडायचा आणि मैदानातली माती कपाळाला लावायची. सोडायची रीत मात्र कुणाला ठाऊक नव्हती. म्हणून संपतने ती तयार केली. विहिरीवर जाऊन कपाळ धुवायचे आणि पोळ्यापर्यंत मैदानात पाय ठेवायचा नाही, की परत सभासद व्हायचे नाही. पोळ्याची अट जुनीच होती. सामन्याच्या तोंडावर दुसऱ्या गावाकडून खेळायला जाणाऱ्यांना चाप बसावा म्हणून खुद्द संपतनेच ती घातली होती, आणि मारुतीच्या शपथेवर.

संपत आणि वसंता कपाळ धुऊन आले. काम एवढ्यावर भागले असते. पण पुंजाराम रेल्वेतला माणूस. एक कंदील विझला तर दुसरा, आणि दुसरा विझला तर तिसरा, ही त्याची आयुष्यभराची सवय. दोघांपैकी एक मोटारसायकल शिकत होता आणि दुसरा विहिरीत पोहायला जात होता. तेव्हा त्याने आणखी दोघे राखीव मागितले. शिवाय साक्षीदारांना रेल्वेने जालन्याला नेऊन भजी-जिलेबी खाऊ घालायची, असेही तो बोलून बसला.

त्यावर उरलेली पोरे बिघडली. जिलेबीचे एक वेळ चालले असते. "त्ये चौघं तेवढे जगनार, आन् आमी काय पिकलेली पानं हाव का?" असे एकाने सर्वांसमक्ष विचारले. नेमका हाच प्रश्न सर्जेरावाने केला होता, हे पुंजारामच्या ध्यानात आले. पुन्हा कुणाचे मन दुखवायला नको म्हणून त्याने सगळ्यांनाच हो म्हटले. दुसऱ्या दिवशी विहिरीवर रांग लागली. संध्याकाळी मैदान ओस पडले आणि पोरे कडेला ओळीने बसून एकमेकांकडे बघत राहिली.

ठरलेल्या दिवशी ही सगळी वऱ्हाडी मंडळी जालन्याला वकिलांकडे पोचली. वकिलांनी चष्म्यावरून सगळ्यांना पाहिले.

"हे सगळे साक्षीदार?"

"हाव. एकापेक्षा एक टिकाऊ," पुंजाराम म्हणाला.

"छान. आणि मंडळाच्या वतीनं कोण आलंय? अध्यक्ष, सभासद, कुणी?"

संपतने वसंताकडे पाहिले, वसंताने छताकडे.

वकिलांनी शांतपणे विचारले, "पुंजाराम, मंडळात एकही माणूस नसेल तर मंडळ आहे कुठं? पुतण्याचं काम तुम्हीच करून ठेवलंत की."

पुंजारामने बोटांवर महिने मोजले. पोळ्याला अजून बरेच महिने होते आणि त्याला स्वतःच्या प्रकृतीची तेवढी खात्री नव्हती. शपथ मोडा म्हणावे, तर ती मारुतीची. घागरीशी उभी असलेली सोनूबाई त्याच्या डोळ्यांपुढे आली, आणि तिच्या मागे लाकडांचे ढीग.

तेवढ्यात दार लोटून सर्जेराव आत आला. मागे खोकत खोकत भिवा होता आणि पारावरची आणखी तीन-चार म्हातारी माणसे होती. सगळ्यांच्या कपाळाला माती होती.

"मंडळ आमी हाव," सर्जेराव म्हणाला. "चार दिस झाले मैदान रिकामं पडल्यालं. आमी नारळ फोडला. मी अध्यक्ष. भिवा चिटनीस."

"तुमी? तरुन मंडळात?" संपतच्या तोंडून गेले.

"तुज्या नियमात वय कुठं लिवलंय?"

संपतने आठवून पाहिले. वय लिहायचे खरेच राहून गेले होते. वकिलांनीही मान डोलावली आणि लेखणी उचलली. पण सर्जेरावाने हात आडवा केला. तो पुंजारामच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. इतक्या दिवसांत तो त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

"पुंजाराम, मंडळाला मैदान पायजे. तू मेल्यावर देनार म्हनतोस. मंग खरं सांग, तू माझ्याआधी मरशील का?"

असा प्रश्न तोंडावर कसा लागतो, हे पुंजारामला आता कळले. हो म्हणावे तर जिवावर येत होते, नाही म्हणावे तर मैदान जात होते. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. मग वकिलांना म्हणाला, "साहेब, मरायचं ऱ्हाऊ द्या. आत्ताच देता येतं का?"

येत होते. मृत्युपत्राचे बक्षीसपत्र झाले. त्याला साक्षीदार दोनच लागले, तरी बाकीच्या पोरांनी जिलेबी सोडली नाही. हॉटेलात सर्जेरावाने तंबाखू मळून पहिली चिमूट पुंजारामला दिली.

पुढच्या आठवड्यात सोनूबाई मैदानाचा नारळ फुटला. संध्याकाळी तिथे तरुण मंडळाची कबड्डी रंगली. भिवा मधल्या रेषेपर्यंत गेला, खोकला आणि परत आला. सर्जेरावाने तो जिवंत असल्याचा निकाल दिला. पुंजाराम दारातून बघत होता. पोळ्यापर्यंत आत पाय ठेवायची बंदी असलेला वसंता रेषेबाहेर घागर घेऊन उभा होता आणि शिव्या देत देत एकेका म्हाताऱ्याला पाणी पाजत होता.