दोन मिनिटांचं तिकीट

"दोन मिनिटं?" ऑर्व्हल हेंडरशॉटने हातातलं लाल तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "दोन मिनिटांत माणूस काय बोलणार? दोन मिनिटं तर मला नुसतं खाकरायला लागतात!"

"ते मात्र खरं आहे," त्याची बायको नेडीन म्हणाली.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता सेनेटरबाई आमच्या पाइक फोर्क गावात, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, लोकांचं म्हणणं ऐकायला येणार होत्या. विषय एकच, धुराचा कायदा. त्या उन्हाळ्यात या कायद्याने निम्म्या ओहायोचं डोकं फिरवलं होतं. शेजारच्या गावात तर अशाच एका सभेत खुर्च्या उडाल्या होत्या. म्हणून आमच्या सभेची सूत्रं मिस ऑट यांच्याकडे दिली गेली. मिस ऑट म्हणजे आमच्या वाचनालयाच्या बाई. तीस वर्षं त्यांनी गावाला "शू!" केलेलं आहे. त्यांनी अग्निशमन दलाच्या सोडतीच्या तिकिटांचं भेंडोळं घेतलं, मोजून वीस तिकिटं फाडली आणि गावातल्या सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून ती वाटली. एका तिकिटाला दोन मिनिटं. एकूण चाळीस मिनिटं, वर एक सेकंद नाही.

लुएला रिटर या सत्तरीच्या विधवा बाईंचं नाव निघालं, तशा त्या घाबरल्या. "मिस ऑट, मला नाही हो चारचौघांत बोलता येत. माझं तिकीट दुसऱ्याला दिलं तर चालेल का?"

मिस ऑटनी चष्मा वर सरकवून विचार केला. "चालेल. एकूण मिनिटं वाढत नाहीत ना, मग कोण बोलतंय याच्याशी मला कर्तव्य नाही."

घोड्याने पेंड खाल्ली ती तिथेच.

आता ऑर्व्हलचा राग काही हवेतला नव्हता. त्याचं मांसाचं शीतगृह होतं, वडिलांनी बांधलेलं. पुढे कापायचं टेबल आणि काउंटर, मागे दोनशे खणांची थंड खोली. लोक गाय, डुक्कर, शिकारीचं हरीण कापून घेत आणि खण भाड्याने घेऊन त्यात ठेवत. पण हल्ली जो तो तळघरात स्वतःचा फ्रीझर आणून बसला होता आणि ऑर्व्हलचे निम्मे खण रिकामे पडले होते. खण रिकामे असले तरी खोली थंड ठेवावीच लागते. आमच्याकडची वीज नदीकाठच्या कोळशाच्या केंद्रातून येते. सरकार धुराला एक मर्यादा घालणार, तेवढेच परवाने वाटणार आणि ज्याला जास्त धूर सोडायचा असेल त्याने दुसऱ्याकडून परवाने विकत घ्यायचे, असा तो कायदा.

"म्हणजे केंद्रवाले परवाने विकत घेणार आणि त्याची किंमत माझ्या बिलात टाकणार!" ऑर्व्हल काउंटरवर मूठ आपटून गिऱ्हाइकाला सांगे. गिऱ्हाईक पाव किलो खिमा घ्यायला आलेलं असे. "आणखी एक हिवाळा बिल वाढलं, की या दाराला कुलूप!"

हे सगळं त्याने मांस गुंडाळायच्या पांढऱ्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून काढलं होतं. नेडीनने अंडी उकडायचं घड्याळ लावून वाचून घेतलं. बावीस मिनिटं भरली.

"थोडं कापशील?" तिने विचारलं.

"वडिलांचा भाग कापू? का बिलाचा?"

"मग अकरा तिकिटं लागतील."

"मग अकरा मिळवीन!"

सोमवारी सकाळीच तो लुएलाबाईंच्या दारात उभा राहिला. एका बेकनच्या पाकिटावर सौदा झाला. बाईंना वाटलं, आपण त्याला लुबाडलं, म्हणून त्यांनी वर परसात खंडीभर पिकणाऱ्या, काकडीसारख्या दोन झुकिन्याही त्याच्या हातात कोंबल्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचं तिकीट सॉसेजवर मिळालं. पण आमच्या गावात बातमी कशी लपणार? मंगळवारी एका पाकिटाची दोन झाली. बुधवारी लोक विचारू लागले, "स्टेक कुठले आहेत तुझ्याकडे?" ज्यांना बोलायचं होतं, कायद्याच्या विरोधातच बोलायचं होतं, तेसुद्धा स्टेक पाहून गप्प राहायला तयार झाले.

शाळेत विज्ञान शिकवणारे टॉलिव्हर गुरुजी गावात या कायद्याच्या बाजूचे जवळजवळ एकटेच. त्यांनी तिकीट विकलं नाही. ते नुसते काउंटरपाशी येऊन उभे राहत आणि विचारत, "आज काय भाव, ऑर्व्हल?"

"हसताय कशाला?"

"छे, छे. मला हे फार बोधप्रद वाटतंय."

गुरुवारपर्यंत दहा तिकिटं जमली. अकरावं होतं क्लीट बार्गरकडे. क्लीट आमचा न्हावी. त्याला कायद्याचा ना आगापिछा माहीत, ना पर्वा. तो खुर्चीत बसून स्वतःच्याच आरशात बघत म्हणाला, "घाई नाही रे मला. भाव अजून वर जाईल."

"हा काळाबाजार आहे, क्लीट! तुला एक अक्षर तरी बोलायचंय का?"

"अजिबात नाही. म्हणून तर विकतोय."

"तुझं हरीण वीस वर्षं माझ्या खणात होतं! दोन वर्षांपूर्वी तू तळघरात फ्रीझर आणलास, मी एका शब्दाने बोललो का?"

"बोललास. रोज बोललास. अख्खं हॅम दे."

ऑर्व्हल दुकानात आला, धुरी दिलेलं, डुकराच्या अख्ख्या मांडीचं सात किलोचं हॅम हुकावरून काढलं, संतापाने काउंटरवरच्या कागदाचा चांगला चार हात लांबीचा तुकडा टरकन फाडला, गुंडाळलं, दोरी बांधली आणि क्लीटच्या टेबलावर नेऊन आदळलं. अकरा तिकिटं पुरी झाली.

"ऑर्व्हल," रात्रीच्या जेवणाला नेडीन म्हणाली, "या आठवडाभर तू काय करतोयस, कळतंय का तुला?"

"माझा हक्क विकत घेतोय!"

नेडीनने बटाटे वाढले.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. फायर ब्रिगेडच्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. सेनेटरबाई वही घेऊन पुढे बसल्या होत्या. मिस ऑटनी पहिलंच नाव ऑर्व्हलचं पुकारलं. ऑर्व्हलने अकरा तिकिटं त्यांच्यापुढे पत्त्यांसारखी पसरली, कागदाची गुंडाळी उघडली, आणि त्याचा चेहरा पडला.

गुंडाळीवर तीनच शब्द होते. "म्हणून सेनेटरबाई, धन्यवाद."

"अरे, ते होय!" तिसऱ्या रांगेतून क्लीट म्हणाला. "ते माझ्याकडे आहे. हॅमभोवती. फ्रीझरमध्ये."

हॉल हसला. ऑर्व्हलने गुंडाळी टेबलावर आपटली.

"हसा! सेनेटरबाई, मी काय बोलणार होतो ते या माणसाच्या तळघरात गोठलंय! का, सांगू? या मिस ऑटनी मोजून वीस तिकिटं वाटली. फुकट! ज्याला तोंड उघडायचं नाही, त्यालाही फुकट! आणि ज्याला बोलल्यावाचून गत्यंतर नाही, त्याने ती विकत घ्यायची! सोमवारी बेकन, गुरुवारी अख्खं हॅम! या क्लीटने काय केलं? खिशात तिकीट घालून आरशात बघत बसला! काही न करता हॅम त्याचं, आणि घाम माझा! आणि हे हॅम मी कुठून भरून काढणार? उद्या सॉसेज महाग करणार, दुसरं काय! म्हणजे शेवटी कोण भरणार? लुएलाबाई भरणार!"

"मी?" लुएलाबाई दचकल्या.

सेनेटरबाईंनी पेन थांबवलं. "हेंडरशॉट, तुम्ही तिकिटांबद्दल बोलताय की कायद्याबद्दल?"

ऑर्व्हलने टेबलावरच्या तिकिटांकडे पाहिलं. आपण आठवडाभर काय केलं, ते त्याच्या डोक्यात आता कुठे शिरत होतं. मग तो अधिकच भडकला.

"तेच तर म्हणतोय मी! दोन्ही एकच आहे!"

टाळ्यांनी पत्रे हादरले. टॉलिव्हर गुरुजीही टाळ्या वाजवत होते. "पण सभा चाळीस मिनिटांवर जाणार नाही, हेही खरंच ना?" ते ओरडले. सेनेटरबाईंनी दोन्ही लिहून घेतलं. कोणाच्या बाजूने, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

तेवढ्यात मिस ऑटनी घंटी वाजवली. "दोन मिनिटं झाली, ऑर्व्हल. पुढचं तिकीट फाडू?"

ऑर्व्हल विचार करू लागला. वडिलांचा भाग राहिला होता. पण जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. एका तिकिटात! बाकीची दहा तशीच टेबलावर पडली होती, आणि त्यांच्यापायी अर्धं दुकान रिकामं झालं होतं. तो खाली बसला तेव्हा त्याला रडावं की कुणाला तरी मारावं हे कळत नव्हतं.

"मिस ऑट!" लुएलाबाई उठल्या. "मी का भरणार? मला बोलायचंय!"

"तिकीट?"

लुएलाबाईंनी ऑर्व्हलकडे पाहिलं. ऑर्गनवाल्या बाईंनीही पाहिलं. एकेक करत, तिकीट विकलेले सगळेच उठून त्याच्या खुर्चीभोवती जमले. सगळ्यांना एकाएकी कंठ फुटला होता.

"माझं बेकन परत करा," ऑर्व्हल म्हणाला.

"खाल्लं," लुएलाबाई म्हणाल्या.

ऑर्व्हलने त्या सगळ्यांकडे पाहिलं. यातला प्रत्येक जण कधी काळी त्याच्या एका खणाचा भाडेकरू होता. तो सावकाश उठला आणि टेबलावरची दहा तिकिटं गोळा करून घेतली.

"एका तिकिटाला एक खण," तो म्हणाला. "वर्षभर. भाडं भरून. तळघरातला फ्रीझर बंद."

"अहो, माझ्याकडे हरीण कुठलं?" लुएलाबाई कळवळल्या.

"झुकिनी आहे ना? ती ठेवा. माझ्या हातात कोंबण्यापेक्षा बरं."

"ऑर्व्हल!" मिस ऑट कडाडल्या. "सेनेटरबाईंसमोर तू तिकिटांचा बाजार मांडतोयस?"

"नियम तुमचाच आहे, मिस ऑट. एकूण मिनिटं वाढत नाहीयेत."

नेडीनने पर्समधून पेन्सिल काढली आणि धन्यवादाच्या खाली, त्याच पांढऱ्या कागदावर, नावं लिहायला घेतली. नऊ नावं झाली. शेवटी रांगेत क्लीट होता.

"मलाही बोलायचंय रे," तो म्हणाला. "या क्लीटने काय केलं, काय केलं, म्हणून सगळ्या गावापुढे माझी अब्रू घेतलीस. एक खण लिही माझ्या नावाने."

ऑर्व्हलने उरलेलं शेवटचं तिकीट खिशात घातलं आणि खुर्चीत ऐसपैस रेलून बसला.

"घाई नाही रे मला, क्लीट," तो म्हणाला. "भाव अजून वर जाईल."