तिसऱ्या दरवाज्यामागचं पर्यावरण

शिवनबोडीच्या ग्रामसभेत दुर्गेशने मिशीवर बोट ठेवून जाहीर केलं, की मंडईच्या आधी तलावावरचे संडास चालू झाले नाहीत तर ही मिशी उतरवीन. लोक विचार करत होते, कोणती मिशी.

मिशी होती. जवळ जाऊन, उजेडात, सहानुभूतीने पाहिलं तर दिसायची. दुर्गेश नुकताच उपसरपंच झाला होता आणि पदाच्या मानाने ती अजून वाढीला लागायची होती.

मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली दिवाळीनंतरची जत्रा. गावोगावचे पाहुणे, जावई, आकाशपाळणे, आणि रात्रभर नाटक. शिवनबोडीची मंडई तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावरच, भरते. पाळीवर पर्यटनाच्या कुठल्याशा योजनेतून कधीकाळी चार संडास बांधले होते. त्यातल्या पहिल्याला दार नव्हतं, दुसऱ्याला छत नव्हतं, चौथ्याला भांडं नव्हतं. तिसऱ्याला सगळं होतं, पण आतून फुसफुस आवाज यायचा. आत नाग आहे यावर गावाचं एकमत होतं, म्हणून ते दार कोणी उघडत नसे. नागपंचमीला बायका त्याच्यासमोर दुधाची वाटी ठेवून जात. दूध संपायचं. ते मांजर पीत असे, पण मांजराची पूजा करायला कोणी तयार नव्हतं.

मिशी पणाला लागली ती दुर्गेशच्या बायकोमुळे. रविता गोंदिया शहरातली. पाळीवर तिचं चहा-आलुबोंड्याचं दुकान होतं. सकाळी शटर उघडलं की दिवस मावळेपर्यंत ती तिथंच, आणि घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"सकाळपासून पानी पीत नाही मी," एके दिवशी तिने आलुबोंडे तळता तळता सांगितलं. आवाज चढवला नाही, म्हणून दुर्गेश जास्त घाबरला. "दिवसभर चाय विकते, पन एक घोट घेत नाही. डॉक्टर म्हनते पानी प्या, नाहीतर मुतखडा होईल. त्याले काय बोलाले जाते, त्याच्या दवाखान्यात बाथरूम है."

"होऊन राहिलं नं काम. निधी आला."

"मंडईपर्यंत पाहते जी मी. नाही झालं तर गोंदियाले जाते, भैयाच्या दुकानात बसते. तिथं बाथरूम है. टाइल्सवाला."

टाइल्सवाल्या बाथरूमशी स्पर्धा करायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. दुर्गेश कामाला लागला. निधी खरंच आला होता, ठेकेदार तयार होता. तेवढ्यात तालुक्याहून निरोप आला, की संडास पाण्याच्या काठावर आहेत, तेव्हा दुरुस्तीआधी पर्यावरणाची तपासणी होईल. नागपूरहून मॅडम येतील.

तपासणी म्हटल्यावर सरपंच धुरपताबाईंनी ताबडतोब चंद्रकुमार गुरुजींना बोलावणं धाडलं.

गुरुजी निवृत्त होते, पण फक्त शाळेतून. पहाटे शिट्टी घेऊन ते गुड मॉर्निंग पथक चालवत. उघड्यावर बसलेला माणूस दिसला की त्याच्यावर टॉर्च मारायचा आणि त्याला गुलाबाचं फूल देऊन लाजवायचं, अशी पद्धत. फुलं त्यांच्या स्वतःच्या कुंड्यांतली. शिवाय आजवर गावात आलेली प्रत्येक तपासणी त्यांनी जिंकून दिली होती. स्वच्छतेच्या समितीला त्यांनी धुतलेले बैल दाखवले होते. वाचनाच्या समितीपुढे गुराख्याच्या हातात पुस्तक होतं, सरळ धरलेलं. पंचायतीचं कपाट ढालींनी एवढं भरलं होतं, की कागद बाहेर ओट्यावर ठेवावे लागत.

"एकदम सोपं आहे," गुरुजी म्हणाले. "स्वच्छतेची तपासणी आली, आपण काय दाखवलं? स्वच्छता. वाचनाची आली तवा वाचन. आता पर्यावरणाची आली. काय दाखवाचं?"

"पर्यावरण," धुरपताबाई म्हणाल्या.

"बम दाखवाचं, भरपूर," गुरुजी म्हणाले.

दुर्गेशला यात कुठंही खोट दिसली नाही. इतका पटणारा मुद्दा त्याने उपसरपंच झाल्यापासून ऐकला नव्हता. तो स्वतः ट्रॅक्टर घेऊन निघाला.

बघता बघता संडासांवर पर्यावरण चढू लागलं. भिंतींवर वेल सोडले. शिंदीच्या झाडांवरून सुगरणीचे रिकामे खोपे काढून ते छज्ज्याला लग्नातल्या झुंबरांसारखे टांगले. शेजारच्या बोडीतून, लहानशा तळ्यातून, कमळं उपटून आणून काठावर रोवली. भांडं नसलेल्या चौथ्या संडासात तुळस लावली. गुरुजींनी आपल्या गुलाबाच्या कुंड्या आणून दारांसमोर मांडल्या. पक्षी कमी वाटत होते, म्हणून गोवर्धन ढीवराची पाळीव बदकं तलावात सोडली आणि ती सैबेरियाची आहेत असं सांगायचं ठरलं.

"आन माणसं काय सांगतीन?" धुरपताबाईंनी विचारलं.

"विचारलं तर जे जे जनावर आठवते ते सांगाचं," गुरुजी म्हणाले. "कोनी नाही म्हनाचं नाही. नाही म्हनलं की मार्क कटते."

तपासणीच्या दिवशी अंजू मॅडम गाडीतून उतरल्या तेव्हा समोर लेझीम चालू होतं. पाच सुवासिनींनी ओवाळलं. मॅडमनी नारळ घेतला, शाल घेतली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि धुरपताबाईंच्या कानाला लागून हळूच विचारलं, "वॉशरूम कुठं आहे?"

लेझीम थांबलं.

नागपूर ते शिवनबोडी बरंच अंतर आहे आणि मधे कुठं थांबायची सोय नाही. शेवटी रविताने दुकान तसंच सोडलं, मॅडमना स्कूटीवर मागे बसवलं आणि घरी नेलं. परत आल्या तेव्हा मॅडमचा चेहरा निवळला होता आणि दोघी मैत्रिणी झाल्या होत्या.

"उपसरपंच," मॅडम दुर्गेशला म्हणाल्या, "हे संडास व्हायलाच पाहिजेत. लवकरात लवकर."

दुर्गेशने रविताकडे पाहिलं. रविताने त्याच्याकडे पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आपण कर्तबगार माणसाशी लग्न केलं असावं असा भाव तिच्या चेहऱ्यावर उमटला. तो फार वेळ टिकणार नव्हता, पण उमटला हे खरं.

पाहणी सुरू झाली. मॅडमनी वेल पाहिले, खोपे पाहिले, संडासातली तुळस पाहिली. बदकांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"सैबेरियाची आहेत," गुरुजी म्हणाले.

तेवढ्यात काठावर उभ्या गोवर्धनला शिंक आली. मालकाचा आवाज ऐकून सैबेरियाची सगळी बदकं पाण्यातून बाहेर आली आणि शाळेच्या प्रभातफेरीसारखी रांग धरून त्याच्या मागं उभी राहिली.

मॅडमनी वहीचं पान उलटलं. "ठीक आहे. आता गावकऱ्यांना विचारते. इथं वन्यप्राणी येतात का?"

दुर्गेशचे वडील रामलाल पुढं झाले. खांद्यावर काळी घोंगडी, कारण पाहुणे आले की ते घोंगडी घेत. "येते नं. अस्वल येते."

"केव्हा?"

"रोज. संध्याकाळी."

"संडासाकडं?"

"इथंच, मागं."

"कशासाठी?"

रामलाल विचारात पडले. "ते आता तेलेच विचारा लागन."

मग गाव सुटलं. कोणी बिबट सांगितला, कोणी रानडुक्कर. शामकलाबाईंनी हरणाचा कळप सांगितला आणि मागून त्यात एक मोर घातला. गुरुजी प्रत्येक जनावराला मान हलवत होते, जणू हजेरी घेऊन राहिले. दुर्गेशला मनातल्या मनात ढाल दिसायला लागली होती. मॅडम मात्र लिहिताना दर ओळीला थोड्या खचत होत्या.

"काय झालं मॅडम?" त्याने विचारलं. "कमी पडून राहिलं का? अजून आहे."

मॅडमनी पेन थांबवलं. "उपसरपंच, माझं काम काय आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

"पर्यावरण किती आहे ते पाहणं."

"दुरुस्तीमुळे कशाला धक्का लागणार नाही ना, ते पाहणं. जुनी पडकी इमारत आहे, आसपास काही नाही, असं लिहून मी चहा पिऊन जाणार होते. उद्या काम सुरू झालं असतं. आता तुम्ही इथं अस्वल आणलंत."

दुर्गेशच्या डोळ्यांसमोरून आधी ढाल गेली, मग मिशी, आणि मग गोंदियाच्या गाडीत बसलेली रविता दिसली.

"मॅडम, हे सगळं खोटं आहे," तो ओरडलाच. "हे खोपे आम्ही टांगले. कमळं कालची आहेत. बदकं तर तुम्ही पाहिलीच. बाबूजी, सांगा नं, अस्वल गिस्वल काही नाही म्हणून."

"आहे," रामलाल म्हणाले. चारचौघांत दिलेला शब्द ते फिरवत नसत. "मी खोटा का?"

"काऊन असं करता बाबूजी?"

"नाही म्हनलं की मार्क कटते."

दुर्गेशने वेल ओरबाडले. खोपे उपटले. बायकोकडं न बघता तो तिसऱ्या दरवाज्यापाशी गेला. "बघा मॅडम, आत काही नाही. नाग पण नाही. रिकामी इमारत आहे, मी दाखवतो."

"दुर्गेश, नको जाऊ," धुरपताबाई म्हणाल्या.

त्याने कडी ओढली आणि दार उघडलं.

आत, उघड्या झरोक्याखालच्या फ्लशच्या टाकीवर, पांढऱ्या तोंडाची घुबडीण बसली होती. तिच्या पायाशी तीन पिल्लं, म्हाताऱ्या माणसांसारखी चिडलेली. चौघांनी मिळून दुर्गेशकडं पाहिलं आणि फुसफुस केली. गावातल्या इतक्या वर्षांच्या नागाचा उलगडा झाला. दोन बायकांनी सवयीने हात जोडले.

मॅडमनी वाकून पाहिलं. सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता एवढा आनंद आला. तो दिसताच दुर्गेश दारातच खाली बसला.

"गव्हाणी घुबड," त्या कुजबुजल्या. "पिल्लांसकट. दार लावा, हळू. पिल्लं उडेपर्यंत इथं हात लावता येणार नाही."

"आन मग?"

"मग अस्वल. गावाने सांगितलंय, म्हणजे खातरजमा करावीच लागेल. कॅमेरा लावू."

"अस्वल येतच नाही मॅडम."

"मग ते येत नाही याची खात्री होईपर्यंत थांबू."

"जे येतच नाही, ते येत नाही याची खात्री कधी होते?"

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला. "वेळ लागतो," त्या म्हणाल्या.

कॅमेरा लागला. काही दिवसांनी त्यातला फोटो पंचायतीत आला. दिवेलागणीची वेळ, संडासांच्या मागची झुडपं, आणि त्यात काळं, केसाळ, वाकून बसलेलं काहीतरी. खाली शेरा होता, की चित्र अस्पष्ट आहे, मात्र अस्वल असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

धुरपताबाई म्हणाल्या, "बाप्पा, खरंच येते वो."

दुर्गेशने फोटो निरखून पाहिला. ती घोंगडी त्यानेच मागच्या मंडईत घेऊन दिली होती. अस्वलाच्या शेजारी पितळेचा लोटा पण होता. उपसरपंचाचा बाप घरचा संडास सोडून रोज उघड्यावर जातो हे सांगावं, की संडासांची दुरुस्ती कायमची बुडू द्यावी, यावर त्याने रात्रभर विचार केला. सकाळी बापाला विचारलं.

"घरी मोकळं वाटत नाही," अस्वल म्हणालं.

दुर्गेशने पंचायतीत तो फोटो अस्वलाचाच ठरू दिला. पाहणीची मुदत वाढली.

मंडई आली. दुर्गेशने शब्द पाळला आणि मिशी उतरवली. दिवसभर तो मान ताठ ठेवून लोकांच्या टोमण्यांची वाट पाहत फिरला. कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. रविताने तेवढं विचारलं, "तोंड धुतलं का आज?"

पण ती गोंदियाला गेली नाही. संडासात घुबड आणि मागं अस्वल ही बातमी मोबाइलवरून पार गोंदियापर्यंत गेली होती. मोटारी भरभरून लोक आले, दार किलकिलं करून फुसफुस ऐकून घेत, आणि मग इकडे पाहत, तिकडे पाहत, हळूच रविताला विचारत, इथं संडास कुठं आहे. रविता सगळ्यांना आपल्या घरचा रस्ता सांगे. तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने पाळीवरचं दुकान उचललं आणि घरच्या अंगणात मांडलं.

"ज्याले चाय पाहिजे तो इथं येते," ती दुर्गेशला म्हणाली, "आन ज्याले दुसरं पाहिजे तो तर इथं येतेच." मग त्याच्यासमोर तिने तांब्याभर पाणी उभ्याने पिऊन संपवलं. किती दिवसांनी.

दुर्गेशला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. फक्त स्वतःच्या घरात त्याचा नंबर लागेना. पहाटेपासून दारात रांग. तो घुसायला गेला की मागून लोक म्हणत, "ओ भाऊ, लाइन से आओ."

एक दिवस त्याचा धीर सुटला. उजाडायच्या आत त्याने टमरेल उचललं, बापाची घोंगडी पांघरली, कोणी पाहिलंच तर अस्वल समजेल म्हणून, आणि तलावामागच्या झुडपात जाऊन बसला.

शिट्टी वाजली. तोंडावर टॉर्च पडला.

"उपसरपंच?" गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी पिशवीत हात घालून गुलाब काढला आणि नियमाप्रमाणे पुढं केला. ताजा होता, टपोरा होता. संडासांसमोरच्या कुंडीतला, आणि त्या कुंडीला दुर्गेशने स्वतः ट्रॅक्टरने माती आणून घातली होती. त्याने बसल्या जागी हात लांबवून तो घेतला.

गुरुजी गेले नाहीत. टॉर्च आणखी जवळ आणून ते वाकले आणि बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडं पाहत राहिले.

"का जी," ते म्हणाले, "मिशी काढली का?"